भुताचा पत्ता

गेली बरीच वर्षं मी चित्रपट रसास्वादाच्या शिबिरांत शिकवतो. सत्यजित राय किंवा अकिरा कुरोसावा यांच्याबद्दल बोलत असलो की शिबिरार्थी वहीत टिपणं काढतात. भयपटाचा विषय निघाला की वह्या मिटतात आणि सगळे एकदम बोलू लागतात. कुणाला लहानपणी पाहिलेला ‘पुराना मंदिर’ आठवतो, कुणी ‘भूत’ पाहून आल्यावर महिनाभर जिन्याने चढलेला असतो. बोलता बोलता लक्षात येतं की जो तो कुठल्या ना कुठल्या घराबद्दल बोलतोय.

आपल्याकडच्या भयपटात भूत बहुधा घरात असतं. ते घर कुणाकडून तरी बळकावलेलं, कुणीतरी सोडून गेलेलं, वारशाने आलेलं, नाहीतर कर्ज काढून घेतलेलं असतं. समाज कशाला भितो, हे मला भुताच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या पत्त्यावरून अधिक कळलं. हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहताना, दाखवताना आणि त्यांवर लोकांशी बोलताना जे हाती लागलं, ते इथे क्रमाने मांडतो. काही चित्रपटांचे शेवट सांगावे लागतील, कारण भीतीचा उलगडा बहुतेक वेळा शेवटातच असतो.

१. आधी घराचा सातबारा पाहावा

कमाल अमरोहींचा ‘महल’ १९४९ साली आला. निर्मिती बॉम्बे टॉकीजची, दिग्दर्शक म्हणून अमरोहींचा पहिलाच चित्रपट, भूमिकांत अशोक कुमार आणि मधुबाला. अलाहाबादच्या ‘संगम भवन’ या ओसाड महालात हरिशंकर हा नवा मालक राहायला येतो. भिंतीवर जुन्या मालकाची तसबीर आहे आणि तिच्यातला चेहरा हुबेहूब हरिशंकरचा आहे. मग गाण्याचे सूर ऐकू येतात, झोपाळ्यावर एक स्त्री दिसते आणि नाहीशी होते.

हा चित्रपट दाखवला की चर्चा मधुबालाच्या रूपाकडे आणि लता मंगेशकरांच्या आवाजाकडे जाते, आणि ते साहजिकच आहे. मी मात्र तिला सालाकडे वळवतो. फाळणी होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. सीमेच्या दोन्ही बाजूंना लाखो माणसं दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या घरांत राहत होती. निघून गेलेल्यांच्या मालमत्तेचं काय करायचं, यासाठी १९५० मध्ये देशाला स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘महल’मध्ये फाळणीचा शब्दही नाही. तरीही परक्याच्या घरात शिरताना ‘मी इथला, की कुणाच्या तरी जागेवर आलोय?’ हा जो प्रश्न पडतो, त्याच्यावरच तो चित्रपट उभा आहे.

शेवटी कळतं की भूत नव्हतंच. ती माळ्याची मुलगी होती. महालाच्या आवारात वाढलेली, पण महाल कधीच जिचा होणार नाही अशी. त्या घरात मानाने शिरायचा तिला एकच मार्ग दिसला, मेलेल्या प्रेयसीचं रूप घेण्याचा. तेव्हापासून कुठलाही भयपट पाहताना मी आधी विचारतो की घर कुणाचं होतं, आता कुणाचं आहे आणि मधल्या काळात काय घडलं. भुताची ओळख या तीन उत्तरांतून आपोआप होते.

२. भूत बहुधा फिर्यादी असतं

बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ १९५८ चा. कथा ऋत्विक घटक यांची. दोघांचाही जन्म ढाक्याच्या परिसरातला. त्यांचा मुलूख फाळणीत पलीकडे गेला होता. दिलीप कुमारचा आनंद डोंगरातल्या लाकडाच्या वखारीवर व्यवस्थापक म्हणून येतो. मधुमती ही तिथली आदिवासी मुलगी. जमीनदार उग्रनारायण तिला फसवून हवेलीत आणवतो आणि ती हवेलीच्या गच्चीवरून पडून मरते.

पुढचा भाग मी शिबिरात दोनदा दाखवतो. आनंद मधुमतीसारख्याच दिसणाऱ्या एका मुलीला तिचं सोंग घ्यायला सांगतो, म्हणजे जमीनदार घाबरून गुन्हा कबूल करील. ठरल्या रात्री ती येते, नेमके प्रश्न विचारते आणि उग्रनारायण सगळं सांगून टाकतो. पोलीस त्याला पकडतात. तेवढ्यात सोंग घेणारी मुलगी धावत येते, तिला यायला उशीर झालेला असतो. मग आधी आली होती ती कोण?

त्या दशकात एकेका राज्यात जमीनदारी कायद्याने संपत होती. जमिनीचा निकाल कागदावर लागत होता, पण हवेलीच्या आत जे घडलं त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नव्हती. ती नोंद करायला मधुमतीला मरून परत यावं लागलं. १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्येही ठाकूर घराण्यातल्या मृत्यूंचं मूळ गावातल्या एका मुलीवर झालेल्या अत्याचारातच आहे. पांढऱ्या साडीतल्या त्या बाईला पाहून आपण किंचाळतो, पण पटकथा नीट ऐकली तर ती बाई आपला जबाब नोंदवत असते. ज्या समाजात गरीब स्त्रीची तक्रार लिहूनच घेतली जात नाही, तिथे ती तक्रार भुताच्या रूपाने येते, हे मला या चित्रपटांनी शिकवलं.

३. कायद्याने गेलेला मालक मनातून जात नाही

रामसे बंधूंचे चित्रपट मी तंबूत पाहिले. आमच्या तालुक्याच्या गावी जत्रेत टुरिंग टॉकीज यायचं. पडद्यापुढे पोरं, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. गावातला इनामदारांचा वाडा तेव्हा कुलूपबंद होता. वारस पुण्या-मुंबईत, भावकीचा दावा कोर्टात. त्यामुळे पडद्यावर करकरत दार उघडलं की कुणालाही समजावून सांगावं लागत नसे. ते दार आमच्या ओळखीचं होतं.

रामसे कुटुंब स्वतः विस्थापित होतं. फतेहचंद रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं; फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि पुढे चित्रपटात उतरले. त्यांच्या सात मुलांनी लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी अशी कामं आपसात वाटून घेतली. ‘दो गज ज़मीन के नीचे’ हा १९७२ चा चित्रपट त्यांनी महाबळेश्वरला चित्रित केला. त्यात श्रीमंत नवऱ्याला संपत्तीसाठी मारून पुरलं जातं आणि तो परत येतो. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि किताब गेले होते. कागदावरून राजे आणि ठाकूर पुसले गेले. त्यांच्या हवेल्या, भिंतींवरची तैलचित्रं, कंदील घेऊन फिरणारे चौकीदार आणि त्यांच्या कुळाला लागलेले शाप मात्र रामसेंच्या चित्रपटांत पुढची दोन दशकं टिकले.

१९८४ चा ‘पुराना मंदिर’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट. राजा सामरी या राक्षसाचा शिरच्छेद करतो. मुंडकं हवेलीत बंद करून ठेवतात, धड मंदिरामागे पुरतात. मरताना सामरी शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. पुढच्या पिढीतला ठाकूर शहरात येऊन राहतो, पण शाप त्याच्या मागोमाग येतो आणि मुलीच्या लग्नाचा विचारही त्याला भेडसावतो.

तंबूत आम्ही पोरं सामरीला घाबरायचो. बायकांची बाजू मात्र बाळंतपणाच्या दृश्याला गप्प व्हायची, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. त्यांच्यातल्या कित्येकींनी ते मरण घरात किंवा शेजारी पाहिलं होतं. गुन्हा राक्षसाचा, शिक्षा देणारा राजा आणि भोगणार त्या घरातल्या सुना-मुली. एवढं खरं गणित ज्या चित्रपटात आहे, त्याला केवळ थिल्लर म्हणणं मला कधीच जमलं नाही.

महाराष्ट्रात कूळकायदा १९४८ साली आला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या तारखेपासून कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. पण वाड्यासमोरून जाताना आवाज खाली आणायची सवय एका पिढीत जात नाही. ती सवय रामसेंच्या हवेलीत आम्हाला पुन्हा भेटली.

४. शहरात भूत शेजारी राहतं, पण ओळख नसते

राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ २००३ साली आला, तेव्हा मी मुंबईत भाड्याची जागा शोधत होतो. दलाल किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे चालायचा, अकरा महिन्यांचा करार आणि डिपॉझिट यांचे आकडे सांगायचा. आधी कोण राहत होतं, हे विचारलं की विषय बदलायचा. अशा दिवसांत मी तो चित्रपट पाहिला, आणि त्यातली भीती मला तोंडपाठ असल्यासारखी वाटली.

उंच इमारतीतला फ्लॅट, तरुण जोडपं. आधीची भाडेकरू बाई याच घरातून खाली पडून मेली, तिचं मूलही गेलं. हे नवऱ्याला ठाऊक असतं आणि तो बायकोपासून लपवतो. जागा चांगली आहे, हातची जायला नको. जुन्या भयपटांत घराचा इतिहास अख्ख्या गावाला माहीत असायचा. चौकीदार, पुजारी, एखादी म्हातारी तो सांगायची. ‘भूत’मध्ये तो बाई सोडून सगळ्यांना माहीत असतो आणि ज्या बाईला दिवसभर त्या घरात राहायचं आहे, तिलाच सांगितला जात नाही. भुताने तिलाच धरावं, यात मला नवल वाटलं नाही. चित्रपटात गाणी नाहीत. लिफ्टची घरघर, कोऱ्या भिंती आणि रिकामे जिने एवढ्यावर वर्मांनी काम भागवलं, कारण ज्या शहराबद्दल ते बोलत होते तिथे भीतीला यापेक्षा वेगळी साधनं लागत नाहीत.

सहा वर्षांनी, २००९ मध्ये, विक्रम कुमार यांचा ‘१३बी’ आला. आता कुटुंब भाड्याने राहत नाही. माधवनचा मनोहर कर्ज काढून तेराव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतो. टीव्हीवरच्या एका मालिकेत या घरात घडणाऱ्या गोष्टी आधीच दिसू लागतात. त्याच जागेवरच्या जुन्या घरात एक अख्खं कुटुंब मारलं गेलं होतं, ते घर पाडून ही इमारत उठली आहे. भीती वाटते म्हणून घर सोडून जावं, तर हप्ते सुटत नाहीत. रामसेंच्या पात्रांना हवेलीतून पळता येत होतं. मनोहरला ती सोय नाही. उदारीकरणानंतरच्या मध्यमवर्गाने घर मिळवलं आणि त्याचबरोबर त्या घरातून हलण्याची मुभा गमावली, हे मला त्या काळातल्या लेखांपेक्षा या भयपटाने स्पष्ट सांगितलं.

५. घरात जे बोलत नाहीत, ते भयपट बोलतो

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ साली मराठीत आला. कर्ज देणाऱ्यांच्या भीतीने शहर सोडून एक जोडपं उसाच्या रानातल्या घरी लपायला येतं. नेहा गरोदर आहे. पूजा सावंतने ती उभी केली आणि उषा नाईक यांनी तिथली तुळसाबाई. मायेने खाऊपिऊ घालणारी ही बाई हळूहळू भुतापेक्षा भीतिदायक होत जाते. चित्रपटातलं खरं भय मुलगी नको असणाऱ्या माणसांचं आहे.

गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. कायदा झाला, फलक लागले, पथनाट्यं झाली आणि आकडा खाली गेला. या आकड्यावर व्याख्यान दिलं की लोक माना डोलावतात. ‘लपाछपी’ दाखवला की बोलतात. एका शिबिरात एक वयस्कर बाई उभ्या राहून म्हणाल्या की आमच्याकडे आधीच्या पिढीत थोरली मुलगी ‘राहिली नाही’ एवढंच सांगायचे, का राहिली नाही हे कुणी विचारत नसे. त्यानंतर सभागृहातल्या बऱ्याच बायका बोलल्या. व्याख्यानात ऐकणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, आपण दोषी आहोत का याचा विचार करावा लागतो. भयपटात आधी भीती वाटते, आणि भ्यालेल्या माणसाला लपवाछपवी जमत नाही.

फुरियांनी हीच गोष्ट २०२१ मध्ये ‘छोरी’ नावाने हिंदीत केली. राज्य बदललं, बोली बदलली, ऊस तोच राहिला. ही भीती कुठल्या एका प्रांताची नाही, हे त्या बदलातून सिद्धच झालं.

६. दिग्दर्शकाच्या मनात नसलेली भीतीही पडद्यावर येते

शिबिरात हमखास एक प्रश्न येतो. एवढा सगळा विचार चित्रपट करणाऱ्यांनी केला होता का? उत्तरादाखल मी जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ दाखवतो. १९६८ चा हा अमेरिकन चित्रपट पेन्सिल्व्हेनियात अगदी थोडक्या पैशांत झाला. पुन्हा उठलेली प्रेतं जिवंत माणसांना खाऊ लागतात आणि काही जण एका शेतघरात अडकतात. दारंखिडक्यांना फळ्या ठोकून बेन हा कृष्णवर्णीय तरुण सगळ्यांना वाचवू पाहतो. तळघरात लपायचं की वरच राहायचं, यावर एक गोरा गृहस्थ त्याच्याशी भांडत राहतो. माणसं मरतात ती बरीचशी या भांडणापायी. बेन रात्र काढतो, आणि सकाळी मदतीला आलेली गोऱ्यांची बंदूकधारी टोळी त्यालाच गोळी घालते. शेवटची दृश्यं वर्तमानपत्रातल्या भरड छायाचित्रांसारखी आहेत. मांस टांगायचे आकडे वापरून त्याचं शव ओढून नेतात.

रोमेरो नेहमी सांगत की बेनची भूमिका कृष्णवर्णीय म्हणून लिहिलेली नव्हती. ड्वेन जोन्स यांनी सर्वांत चांगली चाचणी दिली म्हणून ती त्यांना मिळाली. चित्रपट तयार झाल्यावर त्याची प्रत गाडीत घालून ते न्यूयॉर्कला निघाले असताना रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी आली. तारीख होती ४ एप्रिल १९६८. त्या वर्षी ज्यांनी तो शेवट पाहिला, त्यांना वेगळं स्पष्टीकरण लागलं नसणार.

म्हणून अर्थ कुणी घातला, यावर मी वाद घालत नाही. चित्रपट करणारा समाजात राहतो, पाहणाराही राहतो. दोघांनी न ठरवताही त्यांची भीती पडद्यावर एकत्र येते. कधी कधी ती ठरवून आणलेल्या संदेशापेक्षा जास्त खरी असते.

७. सोन्याला भिणारा चित्रपट सर्वांत दुर्मीळ

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला. बोली हिंदी, पण माणसं, स्वयंपाकघर, देवघर आणि पाऊस आपले. कल्पनेचं मूळ नारायण धारपांच्या एका कथेत आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधलं. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याला सगळं सोनं हवं होतं आणि सगळं धान्यही. सोनं त्याने घेतलं. धान्याला हात घालताना देवांनी त्याला संपवायला घेतलं. आईने वाचवलं, पण त्याची कधी पूजा होणार नाही या अटीवर. एका घराण्याने त्याचं मंदिर बांधलं आणि तुंबाडवर न थांबणारा पाऊस कोसळू लागला.

गोष्ट १९१८, १९३३ आणि १९४७ अशी तीन टप्प्यांत जाते. वाड्यातल्या ‘सरकारां’ची सेवा करणाऱ्या विधवेचा मुलगा विनायक मोठा झाल्यावर परत येतो. त्याला कणकेची बाहुली घेऊन वाड्याच्या पोटात उतरायची युक्ती कळते. भुकेला हस्तर कणकेवर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटीतून मोहरा ओरबाडायच्या. हस्तरजवळ सोनं अमाप आहे आणि खायला दाणा नाही. विनायकाला दाणा मिळतो, पुण्यात घर मिळतं, बायको-मुलं मिळतात आणि तरी तो पुन्हा पुन्हा खाली उतरतो.

यातली सालं महत्त्वाची आहेत. कोकणात गावाचा सारा गोळा करणारा खोत कुळांचा धनी होऊन बसला होता. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं; प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. ‘तुंबाड’च्या शेवटच्या भागात नवं सरकार वाडा ताब्यात घेणार म्हटल्यावर विनायक आणि त्याचा मुलगा पांडुरंग सगळी लंगोटीच एकदम आणायचं ठरवतात. देश स्वतंत्र होतोय आणि घरातला पुरुष मुलाला ओरबाडण्याची कला शिकवून मोकळा होतोय. आपल्या भयपटांतलं इतकं निर्दय दृश्य मला दुसरं आठवत नाही.

हा चित्रपट कोकणातल्या महाविद्यालयात दाखवला तेव्हा मुलांनी हस्तरबद्दल थोडंच विचारलं. ती बोलली आंब्याच्या बागेबद्दल, मुंबईच्या चुलत्यांबद्दल, सातबाऱ्यावर चढत गेलेल्या नावांबद्दल आणि सहीसाठी अडून बसलेल्या आत्याबद्दल. भूत त्यांना आपापल्या घरात सापडलं होतं. शेवटी मरणाच्या दारातला बाप लंगोटी पुढे करतो आणि पांडुरंग ती घेत नाही. पैसा हीच सुरक्षितता, असं जिथे मुलांना दूधभाताबरोबर शिकवलं जातं, तिथे वारसा नाकारणारा मुलगा दाखवणं हे धाडस आहे. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी प्रेक्षक बेताचेच आले. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा आधीपेक्षा अधिक कमाई झाली. मधल्या सहा वर्षांत चित्रपट बदलला नव्हता. हस्तर ओळखणारे प्रेक्षक वाढले होते.

८. कोणती भीती पडद्यावर येत नाही, तेही मोजावं

भयपट जे दाखवतो तेवढंच पाहून भागत नाही. हिंदी-मराठी भयपटांत जातीचं नाव क्वचित येतं. पिंपळावरचा मुंजा येतो, हवेलीतला ठाकूर येतो, तांत्रिक येतो. गावकुसाबाहेरचा माणूस आला तर मशाल धरायला, नाहीतर पहिला बळी जायला. ज्यांच्या वाट्याला सर्वाधिक भीती आली, त्यांच्या नजरेतून भीती दाखवायला आपण अजून धजावलेलो नाही.

ते कसं करता येतं, हे २०२४ च्या मल्याळम ‘भ्रमयुगम’ने दाखवलं. दिग्दर्शक राहुल सदाशिवन, संपूर्ण चित्रपट कृष्णधवल. सतराव्या शतकातल्या मलबारात पोर्तुगीजांच्या गुलामगिरीतून पळालेला तेवन हा पाणन जातीचा गायक भुकेने व्याकूळ होऊन रानातल्या एका जुन्या ब्राह्मणी घरात शिरतो. मामूट्टींचा कोडुमण पोट्टी त्याचं स्वागत करतो, त्याला आपल्या घरात बसवून घेतो, खाऊ घालतो आणि मग सोंगट्यांचा डाव मांडतो. पणाला लावायला तेवनजवळ काहीच नसतं, तेव्हा पोट्टी त्याचा वेळ मागतो. तेवन हरतो आणि त्या घरातून बाहेर पडायची वाट संपते. प्रेमाने आत घेणारं घरच तुरुंग होतं. हे समजायला मल्याळम यावं लागत नाही, महाराष्ट्रात वाढलेलं असणं पुरतं. आपल्या गावांतल्या किती घरांच्या अंगणापर्यंतच कुणाकुणाला मुभा होती, हे आठवून पाहावं. असा मराठी भयपट झाला, तर तो आपल्याला फार दिवस झोपू देणार नाही आणि ते आपल्या भल्याचंच होईल.

९. पुढचं भूत कुठून येईल, हे आजच्या बातमीत दिसतं

आदित्य सरपोतदार यांच्या २०२२ च्या ‘झोंबिवली’ने मराठीत झॉम्बी आणले आणि त्यांना डोंबिवलीत उतरवलं. एका बाजूला नवं संकुल, शेजारी पाण्यासाठी तरसणारी वस्ती. माणसांना प्रेतासारखं करणाऱ्या रोगाचं मूळ पाण्याच्या धंद्यात निघतं. चित्रपटात हसू खूप आहे, पण टँकरची वाट पाहिलेल्या प्रेक्षकाला त्यातली भीती उसनी वाटत नाही. रोमेरोंची प्रेतं इथे आली ती आपल्या नळाची गोष्ट घेऊन आली.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की भयपट लिहायचा असेल तर स्मशानाचा आराखडा बाजूला ठेवा आणि जागांचे व्यवहार वाचा. बुजवलेल्या ओढ्यावर उभी राहिलेली सोसायटी पाहा. पुनर्विकासात चाळ रिकामी करताना सही न देणारी एकटी म्हातारी पाहा. कोयनेचं धरण १९६० च्या दशकात उभं राहिलं, महाराष्ट्राला वीज मिळाली आणि त्या पाण्यासाठी उठवलेल्या गावांतल्या माणसांचा पुनर्वसनाचा प्रश्न अजून संपलेला नाही. त्या प्रकाशात आपण भयपट पाहतो. त्या गावांचा भयपट मात्र मराठीत अजून झालेला नाही. ज्याला लिहायचा असेल त्याने पाण्याखाली भूत शोधू नये. उठवलेल्या माणसाची नातवंडं ज्या कचेरीत फाइल घेऊन फिरताहेत, तिथून गोष्ट सुरू करावी.

भयपट निरुपद्रवी करमणूक आहेत, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ते समाज बिघडवतात म्हणणाऱ्यांशी तर त्याहून नाही. लोकप्रिय चित्रपटांत हा एकच प्रकार असा आहे, जिथे घरातून काढलेला माणूस हक्काने परत येतो आणि घरमालकाला त्याचं ऐकून घ्यावं लागतं. ‘हे घर आधी कुणाचं होतं आणि ते इथून का गेले?’ हा प्रश्न आपण ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत आणि आपल्या जेवणाच्या पानावर मोकळेपणाने विचारू लागलो, तर तो रात्री-अपरात्री येऊन विचारण्याची वेळ भुतावर येणार नाही.